टंक म्हणजे ठोका, टकटक नव्हे

पणजीच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आलाय. फोंताइन्हासमधल्या एका कॅफेच्या दर्शनी खिडकीत जुना टाइपरायटर मांडून ठेवलाय आणि खाली मराठीत पाटी आहे : 'पुरातन टंकलेखन यंत्र'. ही पाटी बरोबर का, आणि त्यातला 'टंक' यंत्राच्या टकटकीवरून आला का, असं त्या विचारतात.

पाटीचं आधी उरकतो. 'पुरातन' चूक. पुरातन म्हणजे गोव्यातलं तांबडी सुर्लाचं कदंबकालीन महादेवाचं देऊळ. गोदरेजने पहिला टाइपरायटर १९५५ मध्ये काढला आणि २००९ पर्यंत ते काढत होते. शेवटच्या खेपेतलं यंत्र कॉलेजात जाणाऱ्या पोराच्या वयाचं असेल, ते पुरातन कसं? सरळ 'जुना टाइपरायटर' लिहा. मालकाला 'व्हिंटेज'च हवं असेल तर तेही लिहा, कोणाचं काही बिघडत नाही. (त्या शब्दाच्या पोटात द्राक्षांची तोडणी आहे, पोर्तुगीज 'व्हिंदिमा'चा तो भाऊबंद. पण तिकडे वळलो तर लवकर परत यायचा नाही.)

आता टंक. टकटकीवरून टंक ही निव्वळ व्हॉट्सॲपी व्युत्पत्ती. टाइपरायटर जन्माला येण्याच्या हजारभर वर्षं आधी अमरकोशाने 'टङ्कः पाषाणदारणः' असं सांगून ठेवलंय. दगड फोडणारं हत्यार, पाथरवटाची छिन्नी. आपली 'टाकी' ती हीच. जिचे घाव सोसल्याशिवाय दगडाला देवपण येत नाही ती, आणि गुळगुळीत झालेल्या जात्याला लावतात तीही. पुढे ठोकून छाप उमटवलेलं नाणंही टंक झालं, आणि ती नाणी जिथे पाडतात ती टंकशाला, म्हणजे टांकसाळ. बांगलादेशाचा टका याच घरातला.

आणि गोंयकारांनो, तुमच्या आजोबांच्या खिशातही टंकच खुळखुळत होता! पोर्तुगीज अमदानीत रुपयाचे सोळा 'तांगा' होत, एक तांगा साठ रेईशांचा. हा तांगा म्हणजे टंकच, पोर्तुगीज जिभेवरून फिरून आलेला. पणजीच्या मुख्य पोस्टाजवळ 'काझा द मोएदा' म्हणून जुनं घर आहे, ती एके काळची टांकसाळ. त्या कॅफेपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

इथे विल्यम अर्स्किनसारखे विद्वान आडवे येतात. त्यांच्या मते हा शब्द मध्य आशियातल्या चगताई तुर्की भाषेतला, 'तंग' म्हणजे पांढरा, म्हणून चांदीचं नाणं ते तंगा. अर्स्किनसाहेबांचं फारसी उत्तम होतं, पण इथे त्यांचा पाय घसरलाय. गझनीच्या महमुदाने लाहोरला पाडलेली चांदीची नाणी घ्या, इ. स. १०२७-२८ ची. एका बाजूला अरबी मजकूर, दुसऱ्या बाजूला संस्कृत, आणि त्या संस्कृतात नाण्याला चक्क 'टंक' म्हटलंय. खुद्द तुर्क राजाने नाण्यावर कोरून ठेवलेला शब्द तुर्कीतून उसना आणला म्हणायचा, तर अमरकोशातली छिन्नी कुठून आली? तीही पांढरी होती का?

माझा आणखी एक हट्ट आहे, सगळ्यांना तो पटत नाही. दौतीत बुडवून लिहायचा तो 'टाक' आणि घाटावरच्या देवघरांत असतो तो देवाचा 'टाक', हे दोन्ही याच कुळातले. देवाचा टाक पाहिलाय ना? चांदीचा पातळ पत्रा, साच्यावर ठोकून त्यातून खंडोबा नाहीतर भवानी वर काढलेली. बोटाने चाचपला तर पुढून उंच लागतो, मागून खोल. लेखणीच्या टाकाबद्दल काही जण म्हणतात, त्याचा टंकाशी काय संबंध, तो तर शाईने लिहितो, ठोकत नाही. अहो, पण त्याचं टोक कागदावर दाबल्याशिवाय अक्षर जाड उमटतं का? मागच्या पानावर हात फिरवून बघा.

आता गंमत ऐका. 'टाइप' हा शब्द ग्रीक 'तुपोस'वरून आलाय, आणि त्याचा अर्थ ठोका, ठोक्याने उठलेला ठसा. नाण्यावरच्या छापालाही ग्रीक लोक तुपोसच म्हणत. म्हणजे ज्या कोणी 'टंकलेखन' हा शब्द घडवला त्याने ग्रीकांच्या नाण्याशेजारी आपलं नाणं ठेवलं, आणि दोन्ही एका वजनाची निघाली. 'सरकारी, बोजड शब्द' म्हणून त्याला नाक मुरडणाऱ्यांनी एवढा नेमका दुसरा शब्द आणून दाखवावा. पोर्तुगीजांनी टंकलेखनाला 'दाक्तिलोग्राफिया' म्हटलं, म्हणजे बोटांचं लिखाण. बोटं काय, बोरूलाही लागतात. (त्यांचा कळफलकही निराळा. १९३७ च्या सरकारी फर्मानाने ठरलेला, वरच्या ओळीत एच सी ई एस ए आर. गोव्यातल्या एखाद्या जुन्या घरात यंत्र सापडलं तर ती ओळ आधी वाचा, ते कोणाच्या राज्यातलं हे लगेच कळेल.)

लोकांना ही यंत्रं अजून का आवडतात? मला विचाराल तर या ठोक्यामुळेच. टाइप केलेला कागद उलटा करून बोट फिरवलं की पूर्णविराम टोचतात. घिसलेल्या खिळ्याचा तुटका पाय दर वेळी त्याच जागी तुटलेला दिसतो, पण काळेपणा मात्र बोटागणिक बदलतो. इंग्रजी यंत्रावर करंगळीखालचा 'ए' जरा फिकाच यायचा. हल्ली लग्नपत्रिकांवर आणि कॅफेंच्या मेनूवर टाइपरायटरची नक्कल करणारा फाँट असतो. त्यात प्रत्येक 'ई'वर तोच डाग, त्याच गडदपणाचा! ठोकाच नाही, तर फरक येणार कुठून?

आणि म्हणूनच 'मोबाइलवर टंकलंय, चुकभूल द्यावी' हे वाचलं की माझं डोकं उठतं. काचेवर अंगठा घासणं म्हणजे टंकणं नव्हे. रेमिंग्टनच्या देवनागरी यंत्रावर जागा अपुरी, म्हणून भ, ष, श, ण यांची आधी अर्धी अक्षरं आणि मग काना, असे दोन दोन ठोके मारावे लागत. 'भाषा' हा शब्द तिथे सहा ठोक्यांचा : अर्धा भ, काना, काना, अर्धा ष, काना, काना. असे सहा ठोके मारले असतील तर खुशाल 'टंकलं' म्हणा. मोबाइलवर 'लिहिलं' म्हणा, हवं तर 'टाइप केलं' म्हणा. आणि 'चुकभूल' नव्हे, 'चूकभूल'.