‘स्वीट अँड लोडाउन’मधला एमेट रे हा गिटारवादक खरोखर होऊन गेला का?

नाही, एमेट रे हे पात्र सर्वस्वी काल्पनिक आहे. वुडी ॲलन यांच्या १९९९ च्या या विनोदी चित्रपटात जॅझचे जाणकार कॅमेऱ्यासमोर बसून त्याच्या आठवणी सांगतात आणि एकच किस्सा निरनिराळ्या तऱ्हांनी रंगवतात, त्यामुळे प्रेक्षकाची सहज फसगत होते. खरा आहे तो युरोपातला नामवंत जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट, ज्याच्या धसक्याने एमेटची शुद्ध हरपते.

शॉन पेन यांनी साकारलेला १९३० च्या दशकातला हा वादक बढाईखोर, उधळ्या आणि भुरटा चोरही आहे. करमणूक म्हणून तो कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर उंदरांना गोळ्या घालतो, आणि मोठ्या हौसेने करवून घेतलेल्या चंद्रकोरीवर बसून रंगमंचावर अवतरण्याचा त्याचा बेत फजितीत संपतो. गिटार हाती आली की मात्र नाव ठेवायला जागा राहत नाही. (ते वादन प्रत्यक्षात हॉवर्ड ऑल्डन यांचे आहे.)

माझ्या मते चित्रपट तोलून धरते ती धुलाईकाम करणारी मुकी हॅटी. एकही शब्द न उच्चारता सामंथा मॉर्टन नुसत्या नजरेने एमेटचा सगळा तोरा उघडा पाडतात. पेन आणि मॉर्टन या दोघांनाही ऑस्करचे नामांकन मिळाले, ते रास्तच होते.