उत्तर: ब्लॅक पावडरने सिलिंडर जाम होतोय, वर्कशॉपला पाठवू का?

अहो, नका पाठवू! आधी हे वाचा, मग काय ते ठरवा. तुम्ही लिहिलंय की काउबॉय मॅचसाठी (जुन्या पद्धतीच्या बंदुकांची नेमबाजी स्पर्धा) नवी कोरी स्टेनलेस सिंगल ॲक्शन (दर बाराला हॅमर, म्हणजे मागचा घोडा, अंगठ्याने ओढावा लागतो असं रिव्हॉल्व्हर) घेतली, .45 कोल्ट काडतुसाची, ब्लॅक पावडर (जुन्या काळची, धूर सोडणारी दारू) भरलेल्या काडतुसांवर पहिली स्टेज (फेरी) झकास गेली, दुसरीला हॅमर ओढायला दोन्ही अंगठे लागले, तिसरीला सिलिंडर हलेचना आणि दुकानदार म्हणतोय की टायमिंग (हॅमर आणि सिलिंडरचा मेळ) गेलंय, सर्व्हिसला पाठवा. डिट्टो माझी गोष्ट आहे ही. फक्त माझी ह्यूस्टनच्या दमट हवेत झाली आणि तुम्ही ॲरिझोनात आहात, म्हणजे तुमच्याकडे काजळी आणखी कोरडी आणि कडक होणार.

मी गनस्मिथ नाही, हौशी माणूस आहे, तेव्हा तुमच्या बंदुकीचं मॅन्युअल काय म्हणतं ते आधी बघा आणि माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. भारतातून वाचणाऱ्यांनी हे निव्वळ कुतूहल म्हणून वाचा, तिकडचे कायदे पूर्ण वेगळे आहेत. आणि पाचच गोळ्या भरून हॅमर रिकाम्या घरावर ठेवणं, स्मोकलेसचा (आधुनिक, बिनधुराच्या पावडरचा) आणि ब्लॅक पावडरचा डबा एकाच टेबलावर कधीही न ठेवणं, पावडर आणि गोळीच्या मध्ये पोकळी न सोडणं, हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात वेळ घालवत नाही.

तर मुद्दा. टायमिंग बिमिंग काही गेलेलं नाही. ब्लॅक पावडर जळली की तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घन राख म्हणून मागे उरतो, स्मोकलेससारखी ती जवळजवळ पूर्ण जळून जात नाही. ती राख सिलिंडर आणि बॅरलच्या मधल्या फटीतून प्रत्येक बाराला बाहेर फुटते आणि थेट बेस पिनवर, म्हणजे सिलिंडर ज्या दांड्यावर फिरतो त्यावर, जाऊन बसते. सिलिंडर पुढच्या बाजूने बघा, पिनच्या भोकाभोवती उठलेली कडी दिसेल. 1873 च्या कोल्टमध्ये ही कडी चांगली लांब होती, कारण तेव्हा सगळे ब्लॅक पावडरच मारत होते, आणि तिचं काम एकच, फटीतून येणारा धूर पिनपासून लांब ठेवायचा. काही आधुनिक मॉडेल्समध्ये ती आखूड असते कारण स्मोकलेसला तिची गरजच नाही. आखूड असली की पिनवर काळा थर चढतो, आणि पिन नि भोक यांच्यात जागाच एवढी कमी की चिमूटभर कीट पुरते.

आता वर्कशॉपचं पुराण. नाव घेत नाही, पण बोर्ड मोठा आहे आणि लोक भरवशाने पाठवतात. मी फॉर्मवर स्वच्छ लिहून दिलं होतं की ब्लॅक पावडरची पर्यायी पावडर मारतो, सिलिंडर पुढून जाम होतो. कित्येक आठवडे पत्ता नाही. फोन केला की रिसेप्शनवरची बाई म्हणायची टेक्निशियन बिझी आहे, टेक्निशियन मिळाला तर म्हणायचा फाईल रिसेप्शनला आहे, आपल्याकडच्या तहसील ऑफिसची आठवण यावी अशी टोलवाटोलवी! शेवटी बंदूक परत आली ती सोबत चिठ्ठी घेऊन, "बेस पिन सैल होती, ओव्हरसाइज घट्ट पिन बसवली, साफ करून तेल दिलं", आणि भलंमोठं बिल, कारण म्हणे असला दारूगोळा वॉरंटीत बसत नाही.

घट्ट पिन! जिथे मुळात जागा नव्हती तिथली उरलीसुरली जागाही यांनी घालवली. स्मोकलेसवाले अचूकतेसाठी घट्ट पिन बसवतात ते ठीक आहे, आपल्याला उलटं पाहिजे. पण खरं नुकसान पिनचं नाही, "साफ करून तेल दिलं" या चार शब्दांचं आहे. बाजारातल्या बऱ्याच पर्यायी पावडरींमध्ये पोटॅशियम पर्क्लोरेट असतं, ते जळल्यावर क्लोराइडचे क्षार उरतात, म्हणजे जवळजवळ मीठच समजा. मीठ पेट्रोलियम सॉल्व्हंटमध्ये विरघळत नाही, पाण्यातच विरघळतं. यांनी सॉल्व्हंट फवारून वरची काजळी काढली, बंदूक दिसायला चकाचक, आणि खालच्या क्षारांवर तेलाचा थर देऊन आठवडे शेल्फवर ठेवली. मी घरी बॅरलमध्ये उजेड टाकून बघितलं तर फोर्सिंग कोनच्या (बॅरलचं मागचं निमुळतं तोंड) पुढे, जिथे खोबणी सुरू होते तिथे, टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, कडांना तपकिरी. स्टेनलेस असून! स्टेनलेस गंजत नाही असं जो तुम्हाला सांगेल त्याला क्लोराइड काय करतं ते विचारा. बॅरल बदलावं लागलं आणि तो खर्च मूळ किमतीच्या इतका जवळ गेला की बायकोने अजून ऐकवणं सोडलेलं नाही.

तर तुम्ही काय करायचं. आधी गोळ्यांकडे बघा. दुकानातल्या तयार शिशाच्या गोळ्यांवर जे कडक निळं किंवा लाल मेण असतं ते स्मोकलेससाठी असतं, ब्लॅक पावडरला ते पुरत नाही. मऊ ल्युब (वंगण) पाहिजे आणि भरपूर पाहिजे, मधमाशीचं मेण आणि चरबी किंवा इथलं व्हेजिटेबल शॉर्टनिंग (आपला डालडा समजा), म्हणजे राख ओली राहते आणि लोण्यासारखी पुसून निघते. ल्युबसाठी मोठी खोबण असलेल्या गोळ्या मिळतात, त्या घ्या, महाग पडल्या तरी घ्या. पिनवरही हेच मऊ ल्युब चोपडा. पेट्रोलियमचं तेल नको, ते राखेत मिसळलं की डांबर होतं, हे मॅचला येणारा कुठलाही म्हातारा तुम्हाला सांगेल.

दोन स्टेजच्या मध्ये बंदूक रिकामी करून (दोनदा बघा!) पिन काढा, पुसा, ल्युब लावा, परत घाला. मी खिशात बॅलिस्टॉल (पाण्यात मिसळणारं बंदुकीचं तेल) आणि पाणी मिसळलेली छोटी बाटली ठेवतो, सिलिंडरच्या तोंडावर दोन थेंब, हाताने फिरवला की सुटतो.

घरी गेल्यावर पाणी. गरम साबणाचं पाणी, बॅरलमधून, सिलिंडरच्या प्रत्येक घरातून, मग नीट सुकवून मगच बॅलिस्टॉल. पाण्याला घाबरू नका, पाणी लावलं म्हणून नाही, पाणी न लावल्यामुळे गंजते. त्याच दिवशी करा, उद्यावर टाकू नका. काडतुसांच्या रिकाम्या केसेस (पितळी नळ्या) रेंजवरच साबणाच्या पाण्याच्या बरणीत टाकायच्या. ती बरणी घरात उघडू नका, सडक्या अंड्याचा वास येतो, आमच्याकडे तिला गॅरेजच्या पुढे प्रवेश नाही.

जाता जाता, पुढची बंदूक घ्याल तेव्हा .44-40 या काडतुसाचा विचार करा. .45 कोल्टची केस सरळ आणि भिंत जाड, कमी दाबाला ती फुगून घराला चिकटत नाही, म्हणून धूर मागे येतो आणि केसेस बाहेरून काळ्या होतात. .44-40 चं तोंड पातळ, ते लगेच सील होतं. रीलोड करताना (केस पुन्हा भरताना) पातळ तोंड चुरगळतं ही तक्रार खरी आहे, पण मला चालतं. आणि शोफिल्डची (स्मिथ अँड वेसनचं जुनं रिव्हॉल्व्हर) कॉपी बघून मोहात पडू नका. .45 कोल्ट मावावं म्हणून तिचा सिलिंडर लांब केलाय आणि त्यात पुढची कडी आखूड झालीय, म्हणजे तुमचाच प्रॉब्लेम, वर दिसायला सुंदर.

हां, आणि जुन्या पुस्तकात 40 ग्रेन (पावडरचं वजन) वाचून ते भरायला जाऊ नका, आजच्या जाड बुडाच्या केसमध्ये ते नीट मावत नाही. चाळीसचा हट्ट धरणारे लोक मॅचला मनगट चोळताना दिसतात.

दुकानदाराला आज फोन करून पार्सल थांबवा. मग दोन गोष्टी बघून इथे लिहा, गोळीवरचं मेण कुठल्या रंगाचं आहे आणि डब्यावर खरी ब्लॅक पावडर लिहिलंय की पर्यायी. पर्यायी असेल तर उत्तर लिहायच्या आधी बॅरल धुवून घ्या.