कॅमेरा कपाटात जपला जात नाही : वाचकांचे प्रश्न

पावसाळा ओसरू लागला की या सदराकडे कॅमेऱ्याविषयीची पत्रे वाढू लागतात. ज्येष्ठापासून बंद असलेली बॅग गणपतीच्या निमित्ताने उघडली जाते आणि आत काय झाले आहे ते तेव्हा कळते. इंदूरच्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे यजमान हौशी छायाचित्रकार होते. ते गेल्यानंतर चार वर्षे त्यांचा डिजिटल एसएलआर कॅमेरा मी त्याच्याच चामडी पेटीत, रेशमी कापडात गुंडाळून, लोखंडी कपाटात डांबरगोळ्यांसह जपून ठेवला होता. आता नातवाला तो हवा आहे. काढून पाहिला तर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे काहीतरी दिसते, बॅटरी चार्ज होत नाही आणि कॅमेरा दर वेळी तारीख विचारतो. माझे काय चुकले? — एक वाचक भगिनी, रामबाग

उत्तर : आपण साड्या जपतात तसा कॅमेरा जपलात, एवढेच चुकले. लेन्समध्ये दिसणारे जाळे बुरशीचे आहे. बुरशीला अंधार, साचलेली हवा आणि ओल या तीन गोष्टी लागतात. बंद कपाट पहिल्या दोन पुरवते आणि चामडी पेटी तिसरी, कारण चामडे हवेतील दमटपणा शोषून धरून ठेवते. आपल्या माळव्याची हवा कोरडी असल्याचा लौकिक उन्हाळ्यापुरता खरा आहे. आषाढ ते भाद्रपद या काळात येथेही हवेतील सापेक्ष आर्द्रता दिवसचे दिवस ७० टक्क्यांच्या वर राहते आणि बुरशी वाढण्यास तेवढे पुरते. डांबरगोळ्यांचा हेतू चांगला असला, तरी त्यांच्या व कापराच्या वाफांपासून कॅमेरा दूर ठेवावा, अशी सूचना कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकांमध्ये छापलेली असते. ते पान सहसा कोणी उघडत नाही.

लेन्सला उन्हात ठेवा, असा सल्ला आपल्याला कोणीतरी नक्की देईल. त्याने आतले जाळे निघत नाही. शिवाय कॅमेऱ्याला जोडलेली लेन्स सूर्याकडे तोंड करून राहिली, तर ती भिंगाचेच काम करते आणि आतील शटरचा पडदा किंवा सेन्सर (चित्र टिपणारी चकती) जाळू शकते. बुरशी काढायची तर लेन्स उघडूनच पुसावी लागते आणि ते जाणकार कारागिराचे काम आहे. बुरशीतून स्रवणारी आम्ले काचेवरील पातळ लेप खात असल्याने काम लवकर केले तर काच पूर्ववत होते, उशीर झाला तर डाग कायमचा राहतो. तरीही खर्च करण्यापूर्वी एक प्रयोग करावा. जाळे काठाशी आणि बारीक असेल, तर छायाचित्रात त्याचा मागमूसही नसतो. फक्त समोरून प्रकाश येत असताना चित्र थोडे फिके पडते. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी साधी १८-५५ मिलिमीटरची लेन्स असेल, तर ती उघडून घेण्यापेक्षा त्याच जातीची वापरलेली लेन्स विकत घेणे बहुधा स्वस्त पडेल. यजमानांच्या हातची लेन्स म्हणून तिचे मोल वेगळे असेल, तर हा हिशेब लागू नाही. मात्र ती इतर लेन्सांपासून वेगळ्या डब्यात ठेवावी.

तारखेची तक्रार किरकोळ आहे. कॅमेऱ्यातील घड्याळ एका छोट्या अंतर्गत सेलवर चालते आणि तो सेल मुख्य बॅटरीकडून भरला जातो. चांगली बॅटरी घालून कॅमेरा एकदोन दिवस तसाच ठेवला की तो बहुधा पुन्हा वेळ धरतो. जुनी लिथियम-आयन बॅटरी मात्र गेलेली दिसते. पूर्ण रिकामी होऊन वर्षानुवर्षे पडून राहिलेली बॅटरी सहसा परत भरत नाही आणि ती फुगली असेल तर भरण्याचा प्रयत्नसुद्धा करू नये; ती ई-कचऱ्यातच द्यावी. यापुढे कॅमेरा महिनाभर वापरायचा नसेल, तर बॅटरी साधारण निम्मी भरून बाहेर काढून ठेवावी.

नव्याने ठेवण्याची व्यवस्था फार खर्चाची नाही. झाकणाला रबरी कडा असलेला, हवा न जाणारा प्लॅस्टिकचा डबा घ्यावा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि हवेची आर्द्रता दाखवणारे एक छोटे मापक ठेवावे. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावा. फार खाली गेला तरी बरे नाही, कारण अतिकोरड्या हवेत वंगण व रबर सुकते. निळे सिलिका जेल ओल शोषून गुलाबी झाले की ते ओव्हनमध्ये सुमारे १२० अंश सेल्सिअसला दोनेक तास तापवून पुन्हा निळे करता येते. पण तो निळा रंग कोबाल्टच्या विषारी क्षाराचा असतो, म्हणून त्यासाठी स्वयंपाकाचे भांडे आणि स्वयंपाकाचा ओव्हन दोन्ही वापरू नयेत. सिलिका जेलऐवजी डब्यात तांदूळ घालणारे बरेच जण आहेत. तांदळाची पूड लेन्सच्या फटींत जाते, यापलीकडे त्याचा परिणाम मला दिसलेला नाही. आणि या सगळ्यापेक्षा स्वस्त उपाय नातवाच्या हाती आहे : आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून चार चित्रे घेतली, झूम फिरवला, उजेड-वारा लागू दिला, की बुरशीला बस्तान बसवण्याची संधी मिळत नाही.

प्रश्न : यंदाच्या रंगपंचमीला राजवाड्यावर गेरची, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीची, छायाचित्रे काढली. तेव्हापासून झूमची कडी फिरवताना कचकच आवाज येतो आणि आकाशाच्या प्रत्येक चित्रात त्याच जागी काळसर ठिपके दिसतात. लेन्स अनेकदा पुसली, तरी ठिपके जात नाहीत. — लोकमान्यनगर

उत्तर : आपल्या दोन तक्रारींची कारणे दोन आहेत. आवाज गुलालाचा आहे. झूम करताना जिची नळी पुढे-मागे होते अशी लेन्स भात्यासारखी हवा आत ओढते आणि हवेबरोबर भुकटीही जाते. ती कडी आता फिरवत राहू नका. प्रत्येक फेरीबरोबर ते कण वंगणात कालवले जातात. ब्लोअरने आणि मऊ ब्रशने बाहेरच्या फटी झाडून घ्याव्यात. त्यानंतरही आवाज राहिला तर लेन्स कारागिराकडे न्यावी.

ठिपके लेन्सवर नाहीतच, म्हणून ते पुसून जात नाहीत. ते सेन्सरसमोरच्या काचेवर बसलेल्या धुळीची सावली आहेत. खात्री करायची असेल, तर आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची तीव्रता) १०० आणि छिद्र (लेन्समधील प्रकाशाची वाट) एफ/२२ इतके लहान ठेवून, फोकस मुद्दाम बिघडवून, पांढऱ्या भिंतीचे किंवा मोकळ्या आकाशाचे चित्र घ्यावे. छिद्र लहान असताना ठिपके काळे आणि रेखीव दिसतात, एफ/२.८ला ते विरून जातात. सेन्सरवर प्रतिमा उलटी पडत असल्याने चित्रात वरच्या डाव्या कोपऱ्यात दिसणारा कण, लेन्स काढून कॅमेऱ्याकडे समोरून पाहिल्यास, खालच्या डाव्या कोपऱ्यात सापडतो. हे ठाऊक नसल्याने लोक भलतीकडेच फुंकत बसतात.

फुंकणे शब्दशः नको. श्वासाबरोबर थुंकीचे तुषार जातात आणि सुकी धूळ ओला डाग होते. प्रथम कॅमेऱ्याची स्वतःची सेन्सर-सफाई दोनतीन वेळा चालवावी. तेवढ्याने भागले नाही, तर बॅटरी पूर्ण भरून, सूचीतून सेन्सर हाताने साफ करण्याची सोय निवडावी, कॅमेरा तोंड खाली करून धरावा आणि रबरी ब्लोअरने, टोक आत न घालता, हवा मारावी. डब्यातली दाबाखालची हवा वापरू नये, कारण त्यातील द्रव कधी कधी काचेवर उडतो. गुलाल मात्र नुसता सुका राहत नाही. टँकरच्या पाण्याने तो भिजला असेल, तर रंग चिकटतो आणि तेव्हा ओल्या पुसणीची गरज पडते; हाताला सवय नसेल तर तेथे थांबावे.

हे मी शहाणपणाच्या उंचीवरून सांगत नाही. गेरच्या ऐन गर्दीत, एका दुकानाच्या ओट्याआड उभे राहून मीही एकदा लेन्स बदलली आहे आणि पुढचे वर्षभर आकाश टाळून चित्रे काढली आहेत. पुढच्या वर्षी घरूनच एक लेन्स लावून निघा, शक्यतो झूम नसलेली. तिच्यावर साधा यूव्ही फिल्टर चढवा, जाड पारदर्शक पिशवीला लेन्सच्या तोंडाएवढे भोक पाडून ती लेन्सहूडभोवती चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि घरी परतल्यावर पिशवी काढण्याआधी स्वतः आंघोळ करा. काच पुसण्याचा क्रम ब्लोअर, ब्रश, मग कापड असाच ठेवा. कण उडवण्याआधी कापड फिरवणे म्हणजे काचेवर पॉलिशकागद घासण्यासारखेच आहे. याच शहरात १८७०च्या दशकात नामवंत छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी छायाचित्रणास आरंभ केला, तेव्हाच्या ओल्या काचपट्टिकेला लेप देऊन, चित्र घेऊन, ती वाळण्याच्या आत धुवावी लागत असे आणि धुळीचा एक कण पट्टिका नासवण्यास पुरत असे. आपला सेन्सर निदान पुसता येतो.

प्रश्न : माझ्या जुन्या छोट्या कॅमेऱ्यात ६४ जीबीचे नवे कार्ड घातले, तर तो कार्डच ओळखत नाही. कार्ड खोटे असावे का? — सुदामानगर

उत्तर : खोटी कार्डे बाजारात पुष्कळ आहेत, पण येथे तो संशय घेण्याचे कारण नाही. ३२ जीबीपर्यंतची कार्डे एसडीएचसी जातीची असतात आणि त्यापुढची एसडीएक्ससी जातीची. ही दुसरी जात २००९ मध्ये जाहीर झाली; त्याआधीच्या कॅमेऱ्यांना तिची ओळखच नाही. ३२ जीबी किंवा त्याहून लहान कार्ड घ्या आणि ते संगणकात नव्हे, तर त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करा.

प्रश्न : अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची, म्हणजे मिरवणुकीतल्या रोषणाईच्या गाड्यांची, छायाचित्रे दर वर्षी फसतात. दिवे पांढरे फटक होतात, माणसे हललेली येतात आणि काही चित्रांत आडवे काळे पट्टे उमटतात. माझ्याकडे १८-५५ लेन्स असलेला कॅमेरा आहे. सेटिंग काय ठेवू? — परदेशीपुरा

उत्तर : कापड गिरण्या बंद पडल्या तरी गिरणी कामगारांनी झांक्या चालू ठेवल्या. त्यांची चित्रे नीट यावीत ही आपली इच्छा मी मनापासून समजू शकतो. परंतु काळ्याकुट्ट रात्री हजारो दिव्यांनी मढवलेली चालती गाडी, हा स्वयंचलित कॅमेऱ्याला फसवणाराच विषय आहे. चौकटीचा बहुतेक भाग काळा असल्याने कॅमेरा चित्र उजळ करू पाहतो, शटर मंद करतो आणि दिवे करपतात. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (चित्राचा उजेड कमी-जास्त करण्याची सोय) उणे १ ते उणे दीड ठेवावे, चित्रे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात घ्यावीत आणि काळोख काळोखच राहू द्यावा. अंधारातला भाग नंतर थोडा उजळता येतो. करपलेल्या दिव्यातून काहीही परत मिळत नाही.

पट्टे विजेमुळे येतात. आपल्याकडील वीज ५० आवर्तनांची असल्याने तिच्यावरील बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते जाणवत नाही, वेगवान शटरला जाणवते. शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवले की पट्टे बहुधा जातात. काही एलईडी माळांचा लुकलुकाट निराळ्या गतीचा असतो, तेथे थोडे मागे-पुढे करून पाहावे लागते. आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल, तर ते आधी बंद करावे. पट्ट्यांना त्याच्याइतके उत्तेजन दुसरे कशाचेच नाही. चलच्चित्र घेणार असाल, तर सूचीत ६० ऐवजी ५० हर्ट्झ, म्हणजे पाल पद्धत निवडलेली आहे का, ते पाहावे. बाहेरदेशाहून आणलेल्या कॅमेऱ्यात ती बहुधा निवडलेली नसते.

१/१०० सेकंदात नाचणारा माणूस थोडा हलणारच. लेन्सवरील स्थिरीकरण आपल्या हाताचा कंप थांबवते, समोरच्याचे पाय नव्हे. झांकी चौकात थांबते तो क्षण धरावा, किंवा तिच्या गतीने कॅमेरा संथपणे फिरवावा. राहिला प्रश्न प्रकाशाचा. आपली लेन्स ५५ मिलिमीटरला जास्तीत जास्त एफ/५.६ उघडते, ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स तिच्यापेक्षा साडेनऊपट प्रकाश आत घेते. म्हणजे जेथे आपल्याला आयएसओ ६४०० लागतो, तेथे तिला ८०० पुरतो. नवा कॅमेरा घेण्याचा मोह होत असेल, तर तो आवरून आधी ही लेन्स घ्यावी. बहुतेक कंपन्यांच्या यादीत ती सर्वांत स्वस्त लेन्सांपैकी असते. फ्लॅश घरी ठेवावा. त्याने पुढच्या माणसाचे डोके उजळते आणि झांकीची रोषणाई पुसली जाते.

प्रश्न : माझे वय ७१ आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून कॅमेऱ्याच्या खिडकीतून सगळे धूसर दिसते. चित्रे मात्र स्पष्ट येतात. लेन्स बिघडली की डोळा? — स्नेहलतागंज

उत्तर : दोन्ही शाबूत आहेत. शस्त्रक्रियेमुळे आपल्या डोळ्याचा नंबर बदलला आणि कॅमेरा जुन्याच नंबरावर राहिला. नेत्रिकेच्या बाजूला एक लहानसे दातेरी चाक असते, ते डायॉप्टरचे, म्हणजे खिडकी आपल्या नंबराशी जुळवण्याचे. लेन्सचे झाकण काढून कॅमेरा उजळ भिंतीकडे धरावा, खिडकीच्या आतील आकडे व चौकोन यांच्याकडेच पाहावे, भिंतीकडे नव्हे, आणि ते रेखीव होईपर्यंत चाक फिरवावे. चष्मा लावून छायाचित्रे काढणार असाल तर चष्म्यासह, अन्यथा त्याविना हे करावे. चाकाचा पल्ला थोडाच असतो. नंबर मोठा असेल तर चष्मा ठेवावाच लागेल. हे चाक बॅगेत घासून आपोआप फिरते, तेव्हा एकदा जमले की त्यावर चिकटपट्टीचा लहान तुकडा लावून टाकावा.