'मूळ रहिवासी', 'मूलनिवासी' की 'आदिवासी'?

नाशिकमधील एका महाविद्यालयाचे चित्रपट मंडळ ऑस्ट्रेलियाच्या इतिहासावरील एका माहितीपटाला मराठी सबटायटल देत आहे. 'इंडिजिनस पीपल्स' यासाठी मराठीत कोणता शब्द योग्य, अशी विचारणा तेथील प्राध्यापिकांनी केली असून सोबत कच्च्या मसुद्यातील एक ओळ पाठवली आहे : "ब्रिटिशांनी ऑस्ट्रेलियात वसाहत वसवली तेव्हा तेथील मूळ रहिवासी जंगलात राहत असत." प्रश्न एका शब्दाचा असला, तरी ही सगळी ओळच तपासायला हवी, कारण शब्द बदलूनही वाक्याची चौकट तीच राहिली, तर बदलाचा उपयोग होणार नाही.

आपण वापरलेला 'मूळ रहिवासी' हा शब्द चुकीचा नाही, पण त्याला या कामासाठी लागणारे वजन नाही. आपल्याकडे 'मूळ' हे फार सापेक्ष असते. पाहुण्याने पाण्याचा पेला खाली ठेवण्याच्या आत त्याला 'तुम्ही मूळचे कुठले?' असे विचारले जाते, आणि तीन पिढ्या पंचवटीत काढलेला माणूसही 'मूळचे आम्ही सिन्नरचे' असे सहज सांगतो. 'रहिवासी' तर सरळ कचेरीतला शब्द आहे. रहिवासी दाखला मिळवायला विजेचे बिल पुरते. हजारो वर्षांचा भूमिसंबंध आणि तो बळाने तोडला गेल्याचा इतिहास या दोन शब्दांच्या जोडीतून व्यक्त होत नाही.

'मूलनिवासी' हा शब्द अर्थाने जवळचा आहे, पण महाराष्ट्रात त्याला स्वतंत्र वैचारिक इतिहास आहे. बहुजन चळवळीच्या परिभाषेत अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग या सर्वांना मिळून तो वापरला जातो. त्या वापराच्या योग्यायोग्यतेत न शिरता इतकेच म्हणतो, की पडद्यावर 'ऑस्ट्रेलियाचे मूलनिवासी' असे आले, तर प्रेक्षकाच्या मनात सिडनीच्या आधी इथला वाद उभा राहील. 'भूमिपुत्र' या शब्दाचेही तसेच आहे. तो नोकऱ्यांतील प्राधान्याच्या मागणीने व्यापलेला आहे. याची हळहळ वाटते, कारण न्यूझीलंडमधील माओरी स्वतःला 'तांगाता फेनुआ', म्हणजे भूमीची माणसे, म्हणवतात आणि त्यांच्या भाषेत 'फेनुआ' या एकाच शब्दाचे भूमी आणि बाळंतपणातील वार असे दोन अर्थ आहेत. बाळाची वार जमिनीत पुरण्याची रीत त्यांच्यात आहे, आणि आपल्याकडील जुन्या बायकांनाही ती नवी नाही. मातीशी नाळ जुळणे हा वाक्प्रचार असलेल्या भाषेला हा संबंध वेगळा समजावून द्यावा लागू नये.

माझ्या मते आपण 'आदिवासी' हाच शब्द घ्यावा. तो संस्कृत घडणीचा असल्याने फार प्राचीन वाटतो, परंतु सामाजिक ओळख म्हणून त्याचा प्रसार झाला तो विसाव्या शतकात. 1938 मध्ये आजच्या झारखंडमधील छोटानागपूरमध्ये आदिवासी महासभा स्थापन झाली, आणि पुढे संविधान सभेत आदिवासी नेते जयपालसिंह मुंडा यांनी 'बनजाती' (वनातील जमात) हा पर्याय नाकारून 'आदिवासी' याच शब्दाचा आग्रह धरला. संविधानाने मात्र 'अनुसूचित जमाती' ही संज्ञा स्वीकारली. म्हणजे 'आदिवासी' हा कायद्याने दिलेला शब्द नव्हे. तो मागून घेतलेला आणि भांडून टिकवलेला शब्द आहे, आणि जगभरच्या या समाजांचा अनुभव पाहता ही गोष्ट त्याच्या बाजूनेच जाते.

शिवाय हे भाषांतर आपल्या आधीच झालेले आहे. संयुक्त राष्ट्रांनी 1994 मध्ये 9 ऑगस्ट हा 'इंडिजिनस पीपल्स'चा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून घोषित केला. तो आपल्याकडे 'जागतिक आदिवासी दिन' म्हणून साजरा होतो, आणि सुरगाणा, पेठ, कळवण भागांत हे नाव मिरवणुकीच्या फलकांवर दिसते. ज्यांच्याविषयी हा शब्द आहे त्यांनीच तो उचलला असताना अभ्यासकांनी वेगळा घडवण्याचे कारण उरत नाही. फक्त 'आदीवासी' असे लिहू नये. सुटा 'आदी' मराठीत दीर्घ लिहितात, परंतु समासात पहिल्या पदाचा मूळ ऱ्हस्व टिकतो. 'कवी' पण 'कविमन', तसेच हे.

खरी अडचण 'पीपल्स' या शब्दाच्या अनेकवचनात आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1957 च्या करारात 'पॉप्युलेशन्स' म्हणजे लोकसंख्या असा शब्द होता; 1989 च्या करारात त्याच्या जागी 'पीपल्स' आला, आणि त्यामागे मोठा वाद होता, कारण लोकसंख्या मोजता येते, पण स्वतःचे निर्णय घेण्याचा हक्क समाजाला असतो. मराठीत 'आदिवासी लोक' म्हटले की पुष्कळ माणसे असा अर्थ होतो, पुष्कळ समाज असा होत नाही. म्हणून 'आदिवासी समाज' असे लिहावे. 'समाज' या शब्दाचे अनेकवचनी रूप बदलत नसल्याने फरक विभक्तीत दिसतो : 'आदिवासी समाजाचे हक्क' आणि 'आदिवासी समाजांचे हक्क'. सगळा वाद त्या एका अनुस्वारावर उभा आहे, तेव्हा टंकलेखनात तो सुटू देऊ नका.

अर्थात माहितीपटात विशिष्ट समाजाचे नाव आले असेल, तर 'आदिवासी' हा सर्वसाधारण शब्द मागे ठेवून ते नावच द्यावे. पेठ तालुक्यातील एका घराच्या ओट्यावर मी अशाच अजाणतेपणी 'तुम्ही आदिवासीच ना?' असे विचारले होते, तेव्हा नागली पाखडणाऱ्या आजींनी सूप न थांबवता 'आम्ही कोकणा' एवढेच उत्तर दिले. ब्रिटिश येण्यापूर्वी ऑस्ट्रेलियात अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. त्या बोलणाऱ्या सर्व समाजांना एका नावाखाली घालणे ही वसाहतीच्या कारभाराची सोय होती. 'ॲबोरिजिन' हे नाम तर आता तेथे अपमानकारक मानले जाते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील टॉरेस सामुद्रधुनीतील बेटवासी हे वेगळे समाज आहेत, आणि तेथील अधिकृत लेखनात त्यांचा निर्देश स्वतंत्रपणे होतो.

आता 'वसाहत वसवली' याविषयी. आपण गाव वसवतो ते ओसाड जागेवर. क्रियापदातच जागा मोकळी असल्याचे गृहीत आहे. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे 'वसाहत' हा शब्द तर आपल्या कानाला अगदीच निरुपद्रवी झाला आहे. ऑस्ट्रेलियात नेमके हेच गृहीतक, 'टेरा नलियस' म्हणजे कुणाचीही नसलेली भूमी या नावाने, दोनशे वर्षे टिकले. टॉरेस सामुद्रधुनीतील मेर बेटाचे एडी माबो आणि त्यांचे सहकारी त्याविरुद्ध लढले, आणि 3 जून 1992 रोजी तेथील हाय कोर्टाने ते गृहीतक फेटाळले. निकालाच्या काही महिने आधीच माबो निवर्तले होते. (जाता जाता : हे हाय कोर्ट ऑस्ट्रेलियातील सर्वांत वरचे न्यायालय आहे. माहितीपटात हा प्रसंग असल्यास 'उच्च न्यायालय' लिहिल्याने मराठी प्रेक्षकाची दिशाभूल होईल.)

राहता राहिले 'राहत असत'. हा रीतिभूतकाळ आहे, आणि मराठीत तो संपलेल्या सवयीविषयी बोलतो : आजोबा पहाटे गोदावरीवर जात असत, म्हणजे आता आजोबाही नाहीत. हे समाज आजही तेथे असल्याने साधा अपूर्ण भूतकाळ, 'राहत होते', पुरेसा आहे. 'जंगलात' हा शब्द तर काढूनच टाका. 1788 मध्ये जहाजे सिडनीला लागली ती गॅडिगल समाजाच्या भूमीवर. ती समुद्रकाठची माणसे होती, आणि त्यांच्या स्त्रिया झाडाच्या सालीच्या होड्यांतून शिंपल्याचे गळ टाकून मासे धरत.

सबटायटलला दोनच ओळी मिळतात, हे ध्यानात घेऊन मी आपली ओळ अशी करीन : "ब्रिटिशांनी 1788 मध्ये वसाहत उभारली, / ती गॅडिगल समाजाच्या भूमीवर." पुढे जिथे सर्व समाजांचा एकत्र उल्लेख येईल तिथे 'ऑस्ट्रेलियातील आदिवासी आणि टॉरेस बेटवासी समाज' असे लिहावे, ओळ लांबते, पण ती दोन ओळींत तोडता येते.