सोलापुरात रोड सायकलिंगच्या शर्यतींसाठी रहदारीपासून वेगळं, बंद सर्किट बांधावं का?

हो, नक्की बांधावं, आणि वेलोड्रोमच्याही (म्हणजे तिरप्या वळणांच्या लंबगोल सायकल ट्रॅकच्याही) आधी. गाळप हंगामात विजापूर रोडवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, अनेकांना मागे रिफ्लेक्टरही नसतो. तिथे पोरांनी ताशी ४० किलोमीटरच्या वेगानं घोळक्यात सराव करणं जिवावर बेतू शकतं. लंडनच्या ली व्हॅली वेलोपार्कमध्ये साधारण १.६ किलोमीटरचं डांबरी सर्किट आहे, दिव्यांसह. आपल्यालाही तेवढी लांबी, ६ मीटर रुंदी आणि डावी-उजवी अशी दोन्हीकडची वळणं पुरतील. दिवे मात्र हवेतच. एप्रिल-मेमध्ये सराव पहाटे नाहीतर रात्रीच होतो. खरी अडचण जमिनीची: काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं डांबर फाटतं. त्यामुळे माती उकरून मुरूम दाबून भरावा लागेल, किंवा मुळात मुरमाड माळच निवडावा.