वाचकांचे प्रश्न : लेला लोम्बार्डी यांचा अर्धा गुण

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावर आमचा चादरींचा कारखाना असून धाकटी मुलगी मालाचा टेम्पो स्वतः चालवते. तिला मोटार-शर्यतीत उतरायचे आहे. फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारी एकच स्त्री झाली आणि तिलाही अर्धाच गुण मिळाला, असे ती सांगते. स्त्री म्हणून तो कमी दिला का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. ती स्त्री म्हणजे इटलीच्या लेला लोम्बार्डी. त्यांना गुण मिळाला त्या दिवशी गुण मिळवणाऱ्या सहाही चालकांना निम्मेच गुण मिळाले. २७ एप्रिल १९७५ रोजी बार्सिलोनाच्या मोंजुईक येथील शर्यतीपूर्वी, कडेच्या संरक्षक कठड्यांचे बोल्ट नीट आवळलेले नाहीत, म्हणून चालकांनी निषेध नोंदवला होता. शर्यत तरीही झाली. रोल्फ स्टोमेलेन यांच्या मोटारीचा मागील पंख (मोटार रस्त्याला दाबून ठेवणारी आडवी फळी) तुटून ती कठड्यापलीकडे गेली, जीवितहानी झाली आणि ७५ पैकी २९ फेऱ्यांनंतर शर्यत थांबवावी लागली. अपुऱ्या शर्यतीला निम्मे गुण, या नियमामुळे सहाव्या आलेल्या लोम्बार्डींच्या एका गुणाचा अर्धा झाला.

मला स्वतःला त्यांची त्याच वर्षीची जर्मनीतील कामगिरी अधिक मोठी वाटते. न्युरबुर्गरिंगची एकेक फेरी सुमारे २३ किलोमीटरची, अशा १४ फेऱ्या. टायर फुटून अनेक मोटारी मागे पडल्या, तेव्हा त्या सातव्या आल्या. त्या काळी पहिल्या सहांनाच गुण मिळत, म्हणून ही पूर्ण पार पाडलेली शर्यत गुणतक्त्यात कोठेच दिसत नाही, याचे वाईट वाटते.

आपल्या मुलीला एक गोष्ट अवश्य सांगावी. १९४१ मध्ये इटलीतील फ्रुगारोलो गावी जन्मलेल्या लोम्बार्डी वडिलांच्या मांसविक्रीच्या व्यवसायातील मालाची गाडी चालवत असत. फॉर्म्युला वननंतर त्या स्पोर्ट्स कारच्या शर्यतींकडे वळल्या आणि १९७९ मध्ये पेर्गुसा व व्हॅलेलुंगा येथील सहा तासांच्या शर्यती त्यांनी सहचालकासह जिंकल्या. १९९२ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. १९७६ मधील त्यांच्या शेवटच्या शर्यतीनंतर फॉर्म्युला वनच्या जागतिक स्पर्धेत एकही स्त्री प्रत्यक्ष शर्यतीत उतरलेली नाही.

टेम्पोवरचा हात उपयोगी असला, तरी शर्यतीचे शिक्षण कार्टिंगपासून, म्हणजे लहान, उघड्या गाड्यांच्या शर्यतींपासून, घ्यावे लागते. भारतात स्पर्धेसाठी फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाचा परवाना लागतो. टायर, इंधन, प्रवास आणि दुरुस्ती यांचा खर्च मोठा असतो; तेव्हा पहिल्या वर्षाचा हिशेब मुलीला शेजारी बसवूनच मांडावा.