‘समस्थानिक-रचना’ की ‘समस्थानिकांचे प्रमाण’?

लोणारच्या सहलीसाठी टिपण तयार करणाऱ्या नागपूरच्या एका विज्ञानशिक्षिकेने ‘विश्वकिरणांमुळे उल्केची समस्थानिक-रचना बदलते’ असे वाक्य पाठवून त्यातील ‘उल्का’ आणि ‘रचना’ हे शब्द योग्य आहेत का, अशी विचारणा केली आहे. (समस्थानिक म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानांचे अणू; उदाहरणार्थ निऑन-२० आणि निऑन-२१.)

‘उल्के’चा निकाल लवकर लागतो. आकाशात क्षणभर चमकते ती उल्का. जमिनीवर पोचलेला, हातात घेता येणारा दगड म्हणजे अशनी. संस्कृतात अशनि म्हणजे वज्र किंवा वीज, हे खरे. पण शास्त्रीय लेखनात तो शब्द या अर्थी रुळला आहे.

‘रचना’ मात्र खटकते, कारण रचना म्हटले की मांडणी डोळ्यांसमोर येते. ‘संघटन’ हा विश्वकोशी वळणाचा पर्याय आहे; पण नागपुरात तो शब्द ऐकून कोणाला अशनी आठवेल असे वाटत नाही. प्रत्यक्षात घडते काय, ते पाहिले की नेमका शब्द सापडतो.

विश्वकिरण हे बहुतांशी प्रचंड वेगाने येणारे प्रोटॉन आहेत. १९२५ मध्ये रॉबर्ट मिलिकन यांनी हे नाव दिले तेव्हा ते कण नसून प्रकाशासारखे प्रारण असावे असा त्यांचा समज होता, आणि ‘किरण’ तेव्हापासून चिकटून राहिले. कपाचा काठ नळाला लागून टवका उडावा, तसा असा प्रोटॉन दगडातील मॅग्नेशियमच्या किंवा सिलिकॉनच्या अणुकेंद्रकावर आदळला की त्याचे टवके उडतात आणि काही वेळा मागे निऑनचे केंद्रक उरते. या क्रियेला मी तरी ‘टवके उडणे’च म्हणेन. आपल्या हवेतील निऑनमध्ये निऑन-२१ जेमतेम ०.२७ टक्के असतो. टवके उडून तयार होणाऱ्या निऑनमध्ये मात्र २०, २१ आणि २२ हे तिन्ही समस्थानिक जवळपास सारखे असतात. दगडात मुळातच निऑन नगण्य असल्यामुळे ही चिमूटभर भरही लगेच उठून दिसते, तर त्याच दगडातील सिलिकॉनच्या प्रमाणात काही फरक पडल्याचे जाणवतही नाही. म्हणजे बदलते ते काही समस्थानिकांचे प्रमाण, दगडाची घडण नव्हे.

टिपणात पुढे आलेल्या ‘अशनीचे वय’ या शब्दप्रयोगालाही जपावे. बहुतेक अशनींचे घटक सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी घडले. परंतु विश्वकिरणांचे कण दगडात साधारण मीटर-दोन मीटरच शिरत असल्यामुळे मोठ्या लघुग्रहाच्या पोटातील भाग सुरक्षित राहतो, आणि लघुग्रह फुटून तुकडा उघडा पडल्यावरच निऑन-२१ साठू लागतो. त्यावरून मोजलेला काळ दगडी अशनींत बहुधा काही लाख ते काही कोटी वर्षे, तर लोखंडी अशनींत कित्येकदा दहा कोटींच्याही पुढे जातो. त्याला ‘वय’ न म्हणता ‘उघडेपणाचा काळ’ म्हणावे.

टिपणातील वाक्य मग असे होईल: ‘अवकाशात उघड्या पडलेल्या अशनीतील काही समस्थानिकांचे प्रमाण विश्वकिरणांच्या माऱ्यामुळे वाढते.’